तालमीच्या फुटबॉल संघाचा इतिहास कसा लिहायचा

जुलै २०११ मध्ये लंडनच्या सदबीज लिलावघरात काही जुन्या वह्या आणि कागद ८ लाख ८१ हजार २५० पौंडांना विकले गेले. ते होते शेफिल्ड फुटबॉल क्लबचे. १८५७ साली निघालेला हा क्लब आजही खेळणाऱ्या क्लबांत जगात सगळ्यात जुना मानला जातो, पण खेळतो इंग्लंडच्या वरच्या चार विभागांच्या कितीतरी खाली. त्या कागदांत १८५८ च्या नियमांचा हाताने लिहिलेला मसुदा होता आणि सभांचं प्रोसिडिंग होतं. मैदानाच्या कामाला पैसा उभा करायचा म्हणून क्लबने ते विकले. दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी सभेत काय ठरलं ते लिहून ठेवलं आणि नंतरच्या कुणी ते रद्दीत घातलं नाही, एवढ्यावर ही किंमत उभी राहिली.

इंग्लंडमध्ये असे शेकडो क्लब आहेत. त्यांना नॉन-लीग म्हणतात. याचा अर्थ ते लीग खेळत नाहीत असा नाही. प्रीमियर लीगचे २० आणि त्याखालच्या तीन विभागांतले ७२, असे ९२ क्लब सोडले की पाचव्या पायरीपासून खालचे सगळे नॉन-लीग. गावाचा किंवा एखाद्या वस्तीचा संघ, खेळाडू दिवसा नोकरी करणारे, तिकिटाच्या खिडकीवर आणि चहाच्या टपरीवर क्लबचीच माणसं. वर्णन ओळखीचं वाटेल, कारण कोल्हापूरच्या पेठांतले तालमींचे संघ याच जातकुळीचे आहेत. फरक पडतो नोंदींत. तिकडच्या अगदी लहान क्लबाकडेही बहुतेक वेळा सामन्यागणिक यादी मिळते: तारीख, प्रतिस्पर्धी, निकाल, गोल कुणी केले. आपल्याकडे ढाली आणि चषक काचेच्या कपाटात चकचकीत असतात, पण त्यातला एखादा कुणाविरुद्ध आणि किती गोलांनी जिंकला हे विचारलं, की कट्ट्यावर चार उत्तरं येतात.

ही यादी आपल्याकडेही होऊ शकते. पुढची पद्धत पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस, शिवाजी यांसारख्या मोठ्या संघाला चालेल आणि ‘बी’ गटात खेळणाऱ्या संघालाही. लहान संघाला ती जास्त गरजेची आहे, कारण त्याच्या बातम्या थोड्या आणि आठवणारी माणसंही थोडी.

आधी वही, मग पुस्तक

बहुतेक स्मरणिका उलट्या क्रमाने होतात. आधी मान्यवरांचे शुभसंदेश, मग गौरवाचे लेख, आणि शेवटी जागा उरली तर दोन पानं निकाल. असं पुस्तक दहा वर्षांनी कुणी उघडत नाही. पहिले सहा-आठ महिने एक ओळही लेख म्हणून लिहू नका. फक्त सामन्यांची वही करा, कारण पुढचं सगळं लेखन तिच्यावर उभं राहणार आहे.

संगणकावरचा साधा तक्ता पुरेसा आहे. एका सामन्याला एक ओळ. रकाने असे ठेवा: हंगाम, तारीख, स्पर्धेचं नाव, फेरी, मैदान, प्रतिस्पर्धी, आपले गोल, त्यांचे गोल, टायब्रेकरचा (बरोबरीनंतर मारलेल्या पेनल्टींचा) निकाल, गोल करणारे, खेळलेले खेळाडू, पुरावा, खात्री, शेरा. यातला ‘पुरावा’ रकाना कधीही रिकामा राहता कामा नये. तिथे वर्तमानपत्राचं नाव, तारीख आणि पान लिहा, किंवा कुणाच्या मुलाखतीतून माहिती आली ते. ‘खात्री’मध्ये तीनच अक्षरं: दोन स्वतंत्र लेखी पुरावे असतील तर अ, एकच लेखी असेल तर ब, फक्त तोंडी असेल तर क. एकाच बातमीवरून उचललेल्या दोन बातम्या म्हणजे दोन पुरावे नव्हेत.

हंगाम नेहमी जोडसालात लिहा, १९७७-७८ असा. आपला हंगाम पावसाळा संपल्यावर सुरू होऊन पुढच्या उन्हाळ्यात संपतो. त्यामुळे ‘अठ्ठ्याहत्तरची फायनल’ म्हणजे १९७७-७८ ची, की १९७८-७९ ची, हा घोळ कायम होतो. एकच विजय दोनदा मोजला जाण्याचं हे सगळ्यात मोठं कारण. यादीत लागोपाठच्या दोन हंगामांत तोच प्रतिस्पर्धी, तोच निकाल आणि तोच गोल करणारा दिसला, तर तारीख सापडेपर्यंत दोन्ही ओळींवर खूण करून ठेवा.

निकालाचे काही नियम पहिल्याच दिवशी ठरवा आणि नंतर बदलू नका. टायब्रेकरवर जिंकलेला सामना बरोबरीचा म्हणून मोजायचा आणि टायब्रेकर वेगळ्या रकान्यात ठेवायचा. टायब्रेकरमधले गोल कुणाच्याही वैयक्तिक गोलांत धरायचे नाहीत. पुढे चाल मिळाली, म्हणजे न खेळता विजय दिला गेला, तर गोलांचे रकाने मोकळे आणि शेऱ्यात ‘पुढे चाल’. भांडणाने थांबलेला सामना आयोजकांनी काय निर्णय दिला त्यावर मोजायचा, पण थांबला तेव्हाचा स्कोअर आणि मिनिट शेऱ्यात हवंच. स्वयंगोल प्रतिस्पर्ध्याच्या खेळाडूच्या नावासह लिहायचा.

स्पर्धांच्या नावांसाठी दुसरा छोटा तक्ता करा. प्रायोजक बदलला की चषकाचं नाव बदलतं, आणि दोन वेगळ्या स्पर्धांना कधी एकच नाव पडतं. इंग्लंडमध्येही हेच आहे: १९७९ ची अलायन्स प्रीमियर लीग १९८६ मध्ये कॉन्फरन्स झाली आणि २०१५ पासून नॅशनल लीग म्हणून ओळखली जाते. नाव दोनदा बदललं, स्पर्धा तीच. तक्त्यात प्रत्येक स्पर्धेला क्रमांक द्या आणि त्यापुढे कुठल्या हंगामात कुठलं नाव होतं ते लिहा.

हरलेले सामने लिहायचे का, हा प्रश्न हमखास निघतो. सगळे लिहायचे, सात गोलांनी हरलेलेसुद्धा. पराभव गाळून केलेल्या यादीतले विजयही कुणी खरे धरत नाही.

स्थापनेचं साल

सगळ्यात जास्त वाद इथे होतात, आणि बरेचसे वाद एका शब्दामुळे होतात. ‘स्थापना’ म्हणताना प्रत्येक जण वेगळ्या गोष्टीबद्दल बोलत असतो. तालीम आधी कुस्तीची. तांबड्या मातीचा हौद शाहू महाराजांच्या काळात, म्हणजे १८९४ ते १९२२ च्या दरम्यान, किंवा त्याआधीही असू शकतो. त्याच तालमीचा गणपती केव्हातरी बसू लागला, काही ठिकाणी मोहरमचे पंजेही. फुटबॉलचा संघ वेगळ्याच वर्षी उतरला. मंडळाची नोंदणी त्याहून वेगळ्या वर्षी झाली. ही चार सालं वेगवेगळ्या ओळींत लिहा, आणि ‘स्थापना’ हा शब्द एकट्याने वापरू नका: तालीम, उत्सव, फुटबॉल संघ, नोंदणी.

नोंदणीच्या दाखल्यावरचं साल म्हणजे जन्मसाल नव्हे, हे कार्यकारिणीला समजावून सांगावं लागतं. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा १९५० चा. म्हणजे संस्थानकाळातल्या तालमीचा या कायद्याखालचा दाखला त्यानंतरचाच असणार. उलट बाजूनेही सावध राहा. तालीम शंभर वर्षांची आहे म्हणून फुटबॉल संघही शंभर वर्षांचा ठरत नाही. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन १९४० ची. तिच्याकडे संघाची पहिली नोंदणी केव्हा झाली हे मिळालं, तर ‘तोपर्यंत संघ होता’ एवढं ठाम म्हणता येतं. त्याआधीच्या सालाला वेगळा पुरावा लागतो.

पुरावा नसेल तर ‘१९४६ पूर्वी’ असं लिहा. हे कमीपणाचं नाही. पुढे कुणाला १९४३ ची बातमी सापडली तर तुमचं वाक्य खोटं ठरत नाही, फक्त सुधारतं.

संघ फुटला, बंद पडला किंवा दोन संघ एक झाले, तर प्रश्न आणखी अवघड होतो. यासाठी ॲक्रिंग्टनचं उदाहरण समोर ठेवा. ॲक्रिंग्टन नावाचा एक क्लब १८८८ ला फुटबॉल लीग सुरू करणाऱ्या बारा क्लबांत होता. ॲक्रिंग्टन स्टॅनली हा त्याच गावातला, पण वेगळा क्लब. तो १९६२ मध्ये हंगामाच्या मध्यातच लीगमधून बाहेर पडला आणि पुढे बंद झाला. १९६८ मध्ये त्याच नावाने नवा क्लब निघाला आणि २००६ ला लीगमध्ये परतला. गावाच्या मनात हे सगळं एकच आहे, कागदावर तीन क्लब आहेत. चांगला इतिहास दोन्ही सांगतो. विंबल्डनचा क्लब दुसऱ्या शहरात हलवायला २००२ मध्ये परवानगी मिळाली, तेव्हा चाहत्यांनी नवा क्लब काढून थेट खालच्या पायऱ्यांपासून सुरुवात केली. जुने चषक कुणाचे, हा वाद २००७ मध्ये ते मूळ वस्तीकडे परत आल्यावर मिटला. तुमच्या नावात ‘संयुक्त’ असेल, किंवा पेठेतला एक गट बाहेर पडून त्याने दुसरा संघ काढला असेल, तर प्रत्येक संघाची यादी वेगळी ठेवा आणि फाटा कुठल्या हंगामानंतर फुटला ते लिहा. जुने विजय दोन्ही संघांनी आपापल्या पुस्तकात छापले तरी हरकत नाही, मात्र ते कुठल्या नावाने मिळवले हे सोबत छापलं पाहिजे.

कागद कुठे मिळतात

पहिली जागा तालमीचा माळा आणि दुसरी जुन्या खजिनदाराचं घर. प्रोसिडिंग बुक शोधायला सगळे जातात, पण खरा माल जमाखर्चाच्या वहीत असतो. फुटबॉलला वेगळी वही क्वचितच असायची. गणपतीच्या वर्गणीच्या खर्चातच मध्ये एखादी ओळ येते: बॉल शिलाई, ब्लॅडर, बुटांना स्टड, सोडा-लिंबू, जर्सी धुलाई, मिरजेला जायचं भाडं. ब्लॅडर घातलेले, वादीने बांधायचे चामडी बॉल होते त्या काळात दुरुस्ती सारखी निघायची. म्हणून फुटबॉल सुरू झाल्याचं सगळ्यात जुनं चिन्ह पुष्कळदा ब्लॅडरच्या पावतीत सापडतं. ती ओळ दिसली की पानाचा फोटो घ्या, आणि मागची-पुढची दोन-दोन पानंही घ्या. तारीख बहुधा तिथेच असते.

धर्मादाय आयुक्तांच्या कोल्हापूरच्या कार्यालयात मंडळाची नोंद असते. तिथे मूळ दाखल्याबरोबर बदल अर्जांच्याही नकला मागा. प्रत्येक नव्या कार्यकारिणीची नावं त्यांत येतात, आणि मुलाखती कुणाच्या घ्यायच्या याची तयार यादी हाती लागते. अर्जावर नोंदणी क्रमांक हवा. तो नसेल तर शोध अडतो, म्हणून आधी जुनं लेटरहेड किंवा पावतीपुस्तक मिळवा.

वर्तमानपत्रांच्या जुन्या फायलींसाठी १८५० पासूनचं करवीर नगर वाचन मंदिर, वर्तमानपत्रांची कार्यालयं आणि विद्यापीठाचं ग्रंथालय, या क्रमाने विचारणा करा. मंडळाच्या लेटरहेडवर पत्र द्या, कुठले महिने हवेत ते लिहा आणि मागाल तेवढेच महिने बघा. एका महिन्याची फाईल नीट चाळायला सुरुवातीला दोन तास धरा. फोटो घेताना आधी पहिल्या पानावरचं नाव आणि तारीख, मग बातमी. हा क्रम चुकला, की घरी आल्यावर चाळीस बातम्या असतात आणि तारीख एकीचीही नसते. बातमी सामन्याच्या दुसऱ्या दिवशीची असते, तेव्हा वहीत आदल्या दिवशीची तारीख जाईल. ‘काल’, ‘परवा’ हे शब्द मात्र नीट वाचा, पूर्वी बातमी दोन दिवसांनीही यायची. गोल कुणी केला याबद्दल दोन पत्रांत मतभेद असतील तर दोन्ही नावं लिहा. कुठल्याही एकाला खरं ठरवायची घाई नको.

जिंकलेल्या सामन्याची बातमी आपल्याकडे कापून ठेवलेली असते. हरलेल्या सामन्याची मिळवायची असेल तर समोरच्या पेठेतल्या कात्रणवह्या बघाव्या लागतात. त्यासाठी सरळ समोरच्या तालमीत जाऊन बोला. मैदानावर कितीही चुरस असली तरी असल्या कामाला नाही म्हणणारी माणसं थोडी, विशेषतः तुम्ही तुमच्या वहीतले त्यांचे निकाल सोबत घेऊन गेलात तर.

तारीख नसलेला कागद कसा ओळखायचा

जुन्या कागदांतल्या निम्म्यांवर तरी साल नसतं, असं गृहीत धरूनच बसा. आतल्या खुणा बघायच्या. हिशेबात ‘नये पैसे’ असतील तर तो १ एप्रिल १९५७ नंतरचा, आणि बहुधा १९६४ पूर्वीचा, कारण त्या साली ‘नये’ गळालं. नुसते आणे दिसले म्हणून मात्र १९५७ पूर्वीचा असं ठरवू नका, लोकांची सवय लगेच गेली नाही. लेटरहेडवर ४१६ ने सुरू होणारा पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. प्रमाणपत्रावर नगरपालिका आहे की महानगरपालिका, तेही बघा. कोल्हापूरची महानगरपालिका १९७२ ची. पत्त्यात ‘मुंबई राज्य’ असेल तर १ मे १९६० पूर्वीचं.

खेळाच्या नियमांतूनही काळ कळतो. लाल-पिवळी कार्डं पहिल्यांदा १९७० च्या वर्ल्डकपमध्ये आली. कुणी सांगितलं की ‘बासष्टला आमच्या सेंटर हाफला रेड कार्ड दाखवलं’, तर प्रसंग खरा असेल, त्याला रेफरीने बाहेरही काढलं असेल, पण एकतर साल चुकलंय किंवा कार्ड नंतर चिकटलंय. टायब्रेकर खेळाच्या नियमांत आला तोही १९७० ला. त्याआधीच्या ‘टायब्रेकरवर जिंकलो’वर प्रश्नचिन्ह टाका. फेरसामना किंवा नाणेफेक असू शकते. जुना लीग तक्ता वाचताना विजयाला दोन गुण धरून बेरीज जुळते का बघा. तीन गुणांची पद्धत इंग्लंडमध्ये १९८१ ला आली आणि वर्ल्डकपमध्ये १९९४ ला. फोटोत खेळाडू अनवाणी असतील तर त्यावरून फार निष्कर्ष काढू नका: १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताच्या संघातले बहुतेक जण अनवाणीच खेळले होते, आणि पेठेत ते पुढेही चालू राहिलं असणार.

फोटो

चिकटवलेला फोटो अल्बममधून उचकटू नका. पान तसंच ठेवून स्कॅन करा: फोटो ६०० डीपीआय, कागद ३०० डीपीआय. स्कॅनर नसेल तर सावलीतल्या दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, मोबाईल फोटोला समांतर धरून. फ्लॅश नको. काचेच्या फ्रेममधला फोटो काढताना आपल्या बाजूला, मोबाईलच्या मागे काळं कापड धरलं की चमक जाते. फोटोच्या मागचा भागही स्कॅन करा. तिथे स्टुडिओचा शिक्का किंवा तारीख मिळू शकते.

संघाच्या फोटोतली नावं मिळवायची एक रीत आहे. फोटोची मोठी प्रिंट काढा, वर ट्रेसिंग पेपर ठेवा, प्रत्येक डोक्याची बाह्यरेषा काढून त्यात क्रमांक घाला. मग तीन जुन्या खेळाडूंना वेगवेगळं बसवून क्रमांकाप्रमाणे नावं विचारा. एकत्र विचारलंत तर पहिला जे बोलेल त्याला बाकीचे माना डोलावतील. फोटोतल्या नावांपुरती अक्षरं वेगळी मोजा: तिघांत दोन जुळले तर नाव ब, तिघेही जुळले तर अ. ओळीचा क्रम पाहणाऱ्याच्या डावीकडून, आणि तसं छापायचंही. संघाबाहेरची माणसंही मोजा: बॉल धरून बसलेलं पोर, कडेला उभा असलेला मालिश करणारा, फेटेवाला अध्यक्ष.

मूळ प्रिंटवर बॉलपेन चालवू नका, दाबाचा वळ पुढून दिसतो. मऊ पेन्सिलने मागच्या कडेला क्रमांक टाका. लॅमिनेशन, सेलोटेप आणि फेव्हिकॉल या तिन्हींनी कागद कायमचा जातो. फाटलेला कागद दोन साध्या कोऱ्या कागदांत सपाट ठेवा, बस. स्कॅनच्या फाईलला नाव देताना साल पुढे, मग महिना, दिवस, मग विषय. तारीख माहीत नसेल तर ‘०००० अज्ञात’.

स्कॅनच्या तीन प्रती करा, आणि त्यातली एक पेठेबाहेर ठेवा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २००५, २०१९ आणि २०२१ ला नदीकाठच्या पेठांनी काय पाहिलं ते सांगायला नको. तळमजल्यावरच्या लोखंडी कपाटातले कागद त्यात वाचत नाहीत. मूळ कागद वरच्या मजल्यावर हलवता येत नसतील, तर निदान हार्डडिस्क कुणाच्या तरी उपनगरातल्या घरी असू द्या.

जुन्या खेळाडूंशी बोलताना

हे काम पुढे ढकलू नका. वर्तमानपत्राच्या फायली पुढच्या वर्षीही असतील. सगळ्यात वयस्कर माणसापासून सुरुवात करा, मग तो राखीव खेळाडू असला तरी.

सकाळी दहा-साडेदहाची वेळ, त्यांच्या घरी, तासाभरापेक्षा जास्त नाही. दोन मोबाईलवर रेकॉर्डिंग, कारण एक हमखास मध्येच बंद पडतो. सुरुवातीला नाव, जन्मसाल आणि आजची तारीख त्यांच्याच आवाजात घ्या, आणि हे छापणार आहोत हे स्पष्ट सांगून होकार घ्या. ‘तुमच्या आठवणी सांगा’ असा प्रश्न टाकू नका. त्यावर सत्काराचं भाषण मिळतं. विचारा: कुठल्या जागेवर खेळत होता? डावीकडे कोण, उजवीकडे कोण? बूट कुठून घेतले, किती रुपयांना? सरावाला कुठल्या मैदानावर, किती वाजता? हाफटाइमला काय खायचा? जर्सी कुणाकडे धुवायला जायची? राइट आउट, लेफ्ट हाफ, सेंटर फॉरवर्ड ही जुनी जागांची नावं तशीच ठेवा, त्यांचं आजच्या भाषेत रूपांतर करू नका. पाच फॉरवर्डची मांडणी त्या नावांतूनच समजते.

साल विचारलं की लोक अडखळतात. मोठ्या घटनेला टाचून विचारा. कोयनेच्या भूकंपाच्या आधी की नंतर? भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, म्हणजे ऐन हंगामातला, त्यामुळे पुष्कळांना नेमकं सांगता येतं. बहात्तरचा दुष्काळ, आणीबाणी, शिवाजी विद्यापीठ निघालं ते १९६२, मॅराडोनाचा १९८६ चा वर्ल्डकप. स्वतःचं लग्न, नोकरीला लागल्याचं वर्ष, थोरल्या मुलाचा जन्म हेही टाचणीसारखे उपयोगी पडतात.

आठवण कुठे घसरते ते समजण्यासाठी इंग्लंडमधला सगळ्यात गाजलेला नॉन-लीग सामना बघा. ५ फेब्रुवारी १९७२ ला एफए कपात, म्हणजे लहान-मोठे सगळे क्लब खेळतात त्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत, नॉन-लीग हेरफर्डने तेव्हाच्या सगळ्यात वरच्या, पहिल्या विभागातल्या न्यूकॅसलला २-१ ने हरवलं. लोकांना आठवतो तो रॉनी रॅडफर्डचा लांबून मारलेला गोल. पण तो बरोबरीचा गोल होता. जादा वेळेत जिंकून देणारा गोल रिकी जॉर्जने केला. आपल्याकडेही हेच होतं: देखणा गोल विजयाचा गोल बनतो आणि साधा गोल विसरला जातो. म्हणून ‘त्यानं हाफवरनं हाणलेला बॉल डायरेक जाळीत’ असं कुणी सांगितलं, की शब्द तसेच उतरवा आणि लगेच विचारा, तेव्हा स्कोअर किती होता?

टोपणनावांची यादी वेगळी लागते. बातमीत एक नाव, हजेरीत दुसरं, पेठेत तिसरं. एकाच घरातले दोघे भाऊ एकाच संघात असले आणि बातमीत फक्त आडनाव आलं, तर गोल कुणाच्या नावावर टाकायचा? त्याच हंगामातली जागा बघा. तरीही कळलं नाही तर आडनावच लिहा, अंदाजाने एका भावाला देऊ नका. यावरून घरात कटुता येते.

रेफरी, मैदान आखणारे, बूट शिवून देणारे कारागीर आणि फोटो स्टुडिओवाले यांनाही भेटा. त्यांना कुठल्याच तालमीला मोठं करायचं नसतं.

अवघड पानं

पेठेच्या फुटबॉलचा इतिहास लिहिताना हाणामाऱ्या टाळता येत नाहीत, आणि टाळूही नयेत. सामना कितव्या मिनिटाला थांबला, आयोजकांनी काय निर्णय दिला, किती काळ बंदी आली, एवढं लिहा. कुणी कुणाला मारलं हे नावानिशी लिहू नका. आरोप आणि शाबित झालेली गोष्ट यांत फरक आहे, आणि त्या माणसांची नातवंडं आज त्याच गल्लीत राहतात. रेफरीने मॅच घालवली हे वाक्य प्रत्येक संघाच्या तोंडी असतं. ते मुलाखत देणाऱ्याच्या नावाने अवतरणात येऊ शकतं, पुस्तकाचं मत म्हणून कधीही नाही.

मुली खेळल्या असतील तर त्यांची नोंद आजच सुरू करा. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने १९२१ मध्ये महिलांच्या सामन्यांना आपल्या क्लबांची मैदानं बंद केली, आदल्याच वर्षी लिव्हरपूलमधल्या गुडिसन पार्क मैदानावर ५० हजारांवर लोक त्यांचा सामना बघायला आले असताना. ती बंदी सुमारे पन्नास वर्षं टिकली, आणि त्या काळातल्या खेळाडूंचे तपशील जमवायला आज फार कष्ट पडतात. आपल्याकडे शालेय आणि वयोगटातल्या संघांच्या नोंदीही अशाच सुटतात. २०१७ च्या सतरा वर्षांखालील वर्ल्डकपमध्ये भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा. अशा खेळाडूचं बारा-तेराव्या वर्षीचं स्कोअरशीट मोठं झाल्यावर शोधत बसण्यापेक्षा तेव्हाच वहीत असलेलं बरं.

छपाई

डेमी अष्टांश आकार, सोळा पानांचा एक फॉर्म, सहा फॉर्म म्हणजे ९६ पानं. एवढ्यात एका संघाचा इतिहास बसतो. मजकुराला ७० किंवा ८० जीएसएम मॅपलिथो, फोटोंना एक स्वतंत्र फॉर्म आर्ट पेपरवर. बांधणी शिलाईची घ्या. नुसती गोंदाची बांधणी हाताळणीत सुटते, आणि हे पुस्तक कट्ट्यावर हाताळलं जाणार आहे. जाहिराती शेवटच्या फॉर्ममध्ये एकत्र, निकालांच्या मध्ये नाहीत.

शेवटी खेळाडूंची अकारविल्हे सूची हवीच. लोक पुस्तक हातात घेतल्यावर आधी आजोबांचं नाव शोधतात. मुद्रितं तिघांनी तपासावीत: एक भाषेसाठी, एक फक्त आकड्यांसाठी, आणि एक दुसऱ्या पेठेतला. हंगामाची बेरीज, म्हणजे खेळले = जिंकले + हरले + बरोबरी, प्रत्येक ओळीत हाताने करून बघा. छापखान्यात आकडे सरकतात ते इथेच सापडतं.

खात्रीची अ, ब, क अक्षरं पुस्तकातही छापा. अखेरीस दोन पानं कोरी सोडून वर ‘दुरुस्त्या’ लिहा आणि तालमीचा पत्ता द्या. पुस्तक निघाल्यावर पहिल्या महिनाभरात माणसं कात्रणं घेऊन येतात, भांडायला का होईना. त्या प्रत्येक कात्रणाचा फोटो काढा, आणणाऱ्याचं नाव पुरावा रकान्यात लिहा आणि वहीतली ती ओळ क वरून ब वर न्या.